‘पुन्हा’ या शब्दाचे वजन

मराठी भाषेला अपराधापेक्षा अपराधाच्या पुनरावृत्तीची चीड अधिक असावी. एखाद्याच्या हातून एकदा काही घडले तर ‘चुकला बिचारा’ म्हणून आपण मोकळे होतो. तेच दुसऱ्यांदा घडले की तो मनुष्य ‘अट्टल’ आणि ‘सराईत’ ठरतो. ‘पापाचा घडा भरला’, ‘शंभर अपराध भरले’ या वाक्प्रचारांत तर चक्क मोजदाद गृहीत धरलेली आहे. वृत्तपत्रांनी त्यांत ‘रेकॉर्डवरील गुन्हेगार’ आणि ‘तडीपार गुंड’ यांची भर घातली. या सगळ्या शब्दांमागे एक साधा न्यायविचार आहे. पहिले कृत्य प्रसंगाच्या भरात झाले असेल. दुसरे मात्र शिक्षेची चव घेतल्यानंतर, म्हणजे जाणूनबुजून केलेले आहे. सबब दुसऱ्याला शिक्षा अधिक. हा विचार आम्हाला पटतो, आणि प्रस्तुत लेखात त्याचे खंडन करण्याचा आमचा हेतू नाही. पण मोजदाद म्हटली की मोजणारा आला, वही आली आणि वहीत नोंद कशाची करायची याचे नियम आले. त्या वहीविषयी थोडे बोलावे असे वाटते.

निमित्त वर्गातले आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात आम्ही दोघे मराठी शिकवतो. २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल प्रकरणातील तिघांची फाशी रद्द करून त्यांना मरेपर्यंत जन्मठेप दिली, तेव्हा आमच्या एम. ए. च्या वर्गात लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ चालू होते. निकालाची बातमी वाचून आलेल्या एका विद्यार्थिनीने पुस्तक मिटूनच प्रश्न विचारला, “सर, ज्यानं एकदा केलं आणि पुन्हा केलं, त्याला पश्चात्तापाला वेळ द्यायचा. मग तिचं काय?” वर्गातल्या बहुतेक मुली तिच्या बाजूने होत्या, आणि त्यांच्या रागात उसने काहीच नव्हते. त्यांतल्या कित्येकींचा एस. टी. स्टँड ते महाविद्यालय हा रस्ता रोज कुणाच्या तरी नजरा चुकवत कापला जातो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, विमुक्त जमातीतला एक विद्यार्थी म्हणाला, “आमच्या वस्तीवर पोलिसांचं पहिल्यांदा असं काही नसतंच, मॅडम. ते येतात ते ‘पुन्हा’ म्हणूनच.” वर्ग थोडा वेळ गप्प झाला. दोघांचेही खरे होते. दोघांची सत्ये एकमेकांना छेद देतात की एकमेकांना पुरी करतात, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्याबरोबर आहे.

कायदा हा आमचा विषय नव्हे. परंतु वाक्य हा आमचा विषय आहे, आणि कायदा वाक्यांचाच बनलेला असतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ७५ वे कलम काढून पाहावे. पूर्वी दोषी ठरलेल्याने तशाच प्रकारचा गुन्हा पुन्हा केल्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास, अशी वाढीव शिक्षा ते सांगते. पण कोणते गुन्हे? बाराव्या आणि सतराव्या प्रकरणातले, आणि त्यांतही तीन वर्षे वा त्याहून अधिक कारावासास पात्र असलेले. बारावे प्रकरण नाण्यांचे आणि सरकारी मुद्रांकांचे, सतरावे मालमत्तेचे. मनुष्यदेहाविरुद्धच्या गुन्ह्यांचे सोळावे प्रकरण या कलमात नाही. म्हणजे पुनरावृत्तीचा विचार करताना कायदेकर्त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो खोटी नाणी पाडणारा आणि घर फोडणारा. दुसऱ्यांदा बलात्कार करणारा त्या कलमात कुठेच दिसत नाही.

ही दृष्टी केवळ इंग्रजांची होती असेही नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात गाठ कापणाऱ्या चोराला, म्हणजे आजच्या खिसेकापूला, पहिल्यांदा सापडल्यास बोटे, दुसऱ्यांदा हातपाय आणि तिसऱ्यांदा प्राण, अशी चढती शिक्षा सांगितली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने केलेला कायदाही याच चालीचा. १९९४ मध्ये तिथे असे ठरले की पूर्वी दोन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याने तिसरा कोणताही मोठ्या वर्गातला गुन्हा केला, तर त्याला किमान २५ वर्षे ते जन्मठेप. एका बालिकेच्या अपहरणाने आणि हत्येने पेटलेल्या लोकक्षोभातून हा कायदा संमत झाला; प्रत्यक्षात मात्र त्याच्या कचाट्यात गोल्फच्या तीन काठ्या चोरणारा आणि दुकानातून नऊ चित्रफिती उचलणारा हेही सापडले. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी या दोन्ही शिक्षा कायम केल्या. तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे, ही दुरुस्ती तिथल्या मतदारांनी २०१२ मध्ये केली. हा दाखला अशासाठी की ‘गंभीर गुन्हा पुन्हा करणारा’ या शब्दसमूहातले ‘गंभीर’ हे विशेषण सर्वांत आधी गळून पडते, आणि मागे उरतो तो नुसता ‘पुन्हा’.

आपल्याकडे त्याहून विपरीत घडले. गुन्हेगारी जमातींचा कायदा १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. हजेरी, बोटांचे ठसे, परवान्यावाचून गाव न सोडण्याची सक्ती या गोष्टी आत्मचरित्रांमुळे मराठी वाचकाला परिचित आहेत. कमी परिचित आहे ती त्यातली शिक्षेची तरतूद. १९२४ च्या कायद्यानुसार नोंदलेल्या जमातीतल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांबद्दल दुसऱ्यांदा दोषी धरल्यास, न्यायाधीशाने विशेष कारण नमूद केले नाही तर, किमान सात वर्षे कारावास आणि तिसऱ्यांदा धरल्यास जन्मठेप काळे पाणी. शेजारच्या गावातल्या पाटलाच्या मुलाने तोच गुन्हा तितक्याच वेळा केला तर त्याला हे कलम लागू नव्हते. पुनरावृत्तीबद्दलची वाढीव शिक्षा इथे कृत्याला नव्हती, कुळाला होती.

‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्याचे शीर्षकच एका क्रियापदापासून बनलेले जातिवाचक नाम आहे. उचलणारा तो उचल्या. एखादी व्यक्ती कधी एकदा करते ते क्रियापद. एक समूह जन्मतः असतो ते नाम. भाषेच्या तासाला आम्ही नामसाधित आणि धातुसाधित असे रूक्ष भेद शिकवतो. पण क्रियेचे नाम झाले की त्या नामाच्या माणसाला ‘पहिल्यांदा’ उरत नाही, हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा हे आत्मकथन अधिक स्पष्ट सांगते. पोलिसांची धाड घरावर येते तेव्हा ती कुणी काय केले हे विचारायला येत नाही. आमच्या विद्यार्थ्याने जे एका वाक्यात सांगितले ते हेच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण जमातींच्या यादीची जागा ‘सराईत’ या शब्दाने घेतली. निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर हा बदल योग्यच होता, कारण आता जमात मोजायची नव्हती, दोषसिद्धी मोजायच्या होत्या. तथापि वहीतली जुनी पाने कुणी फाडत नाही. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणारी वाक्ये काही राज्यांच्या कारागृह-नियमावल्यांत त्यानंतर सत्तर वर्षे टिकून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात ती काढून टाकायला सांगितली, आणि सराईत कोण हे संबंधित कायद्यातल्या व्याख्येवरूनच ठरवावे असे बजावले.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची बाजू घेतली. म्हणून आता पुढच्या बाकाकडे येऊ.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. बलात्काराच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला उर्वरित नैसर्गिक आयुष्य तुरुंगात काढावे लागावे, असे समितीने सुचवले. मृत्युदंडाची शिफारस मात्र केली नाही. संसदेने त्याच वर्षी केलेल्या दुरुस्तीत ३७६ इ हे नवे कलम आले, आणि त्यात जन्मठेपेच्या जोडीला मृत्युदंडही आला. १८६० नंतर १५३ वर्षांनी का होईना, स्त्रीच्या देहाविरुद्धचा पुन्हा घडलेला गुन्हा कायद्याच्या डोळ्यांना दिसला. पाठलागाचे कलमही त्याच दुरुस्तीतले: पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, नंतरच्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या तरतुदी कायम आहेत. ३७६ इ चे आता ७१ वे कलम झाले आहे.

हे नवे कलम लगेचच शक्ती मिल प्रकरणात कसाला लागले. महालक्ष्मीच्या त्या बंद गिरणीच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका छायाचित्रकार-पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तक्रार दिली, आरोपी पकडले गेले, आणि त्यानंतर एक दूरध्वनीचालक तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात ३१ जुलै रोजी तोच प्रसंग गुदरला होता. तिघे जण दोन्ही गुन्ह्यांत सामील होते. २० मार्च २०१४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही खटल्यांत एकाच दिवशी आरोपींना दोषी ठरवले. आधीच्या प्रकरणात दुसऱ्या दिवशी जन्मठेप सुनावली गेली. मग सरकार पक्षाच्या मागणीवरून नंतरच्या प्रकरणात ३७६ इ खाली वाढीव आरोप ठेवला गेला, आणि ४ एप्रिलला तिघांना फाशीची शिक्षा झाली. ‘पूर्वी दोषी ठरलेला’ आणि ‘त्यानंतर दोषी ठरलेला’ या दोन पदांमध्ये केवढे अंतर असावे, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. दोषसिद्धी एका दिवसाची. मध्ये शिक्षा नाही, तुरुंग नाही, सुटका नाही. २०१९ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने हे कलम घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी दुसऱ्या खंडपीठाने फाशी रद्द केली आणि पॅरोल व फर्लो यांविना उर्वरित आयुष्याचा कारावास दिला. लोकक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, आणि फाशीने पश्चात्तापाची शक्यताच संपते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

आम्हाला त्या घटनाक्रमातले दुसरेच काही अस्वस्थ करते. जो गुन्हा आधी घडला तो नोंदीत नंतर आला. जुलैमधल्या तरुणीची तक्रार ऑगस्टमधल्या तरुणीच्या तक्रारीनंतरची. ती का बोलली नाही, हा प्रश्न तिला विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या समाजात मुलीने तोंड उघडले की आधी तिचेच शिक्षण थांबते, त्या समाजाने तो स्वतःला विचारावा. पण परिणाम पाहावा. पहिला गुन्हा वहीत नव्हता, म्हणून ऑगस्टमध्ये त्या आवारात उभी असलेली माणसे या गुन्ह्यापुरती तरी कायद्याच्या लेखी कोरी होती. आमच्या विद्यार्थिनी ज्यांच्या नजरा चुकवत येतात त्यांतलेही बहुतेक असेच कोरे आहेत. पाठलाग हा मुळातच पुनरावृत्तीचा गुन्हा; एकदा मागे आला त्याला कुणी पाठलाग म्हणत नाही. आणि तरीही दुसऱ्या दोषसिद्धीचे कलम लावायला आधी पहिली दोषसिद्धी लागते, तिच्याआधी तक्रार लागते, तक्रारीआधी ती ऐकून घेणारे कुणीतरी लागते.

म्हणून त्या दोघा विद्यार्थ्यांची सत्ये आम्हाला आता परस्परविरोधी वाटत नाहीत. एकाच वहीची ती दोन पाने आहेत. एका पानावर न केलेलेही लिहिलेले आहे; दुसऱ्या पानावर केलेलेही लिहिलेले नाही. वस्तीवरच्या पोराचे ‘पहिल्यांदा’ नोंदले जाण्यापूर्वीच ‘पुन्हा’ झाले. आणि स्टँडवरच्या सुरक्षित घरातल्या पोराचे ‘पुन्हा’ कितीदाही घडले तरी ‘पहिल्यांदा’च राहिले. शिक्षेची वाढ मात्र याच वहीतल्या आकड्यांना गुणून केली जाते. वही खोटी असेल तर गुणाकार कितीही काटेकोर केला तरी उत्तर खोटेच येणार.

आमच्या परंपरेने मोजदादीच्या दोन कथा दिल्या आहेत, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. महाभारताच्या सभापर्वात कृष्णाने शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घालण्याचे वचन आत्याला दिले आणि ते पाळले. मर्यादा ओलांडल्यावर सुदर्शन सुटले. तिथे मर्यादा आधी सांगितलेली होती, ही गोष्ट न्यायाला धरून आहे. पण कृष्णाच्या क्षमेत एक सोय होती. सोसलेले अपराध त्याचे स्वतःचे होते. न्यायालय क्षमा करते तेव्हा सोसलेली व्यक्ती दुसरीच असते. आमच्या विद्यार्थिनीचे “मग तिचं काय?” हे नेमके इथे बोट ठेवते. परक्याच्या जखमेवर उदार होणे सोपे असते, हे शिक्षेच्या सौम्यतेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने, आमच्यासह, ध्यानात ठेवावे.

दुसरी कथा वाल्याची. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक खडा, आणि असे भरलेले सात रांजण. ही मोजदाद अपराध्याने स्वतः ठेवलेली. नारदाच्या एका प्रश्नाने तो बदलला, त्याचा वाल्मीकी झाला, आणि ‘वाल्याचा वाल्मीकी’ हा आपला सुधारणेचा आवडता वाक्प्रचार झाला. मात्र रांजणातल्या एकाही खड्याला नाव नाही. आणखी असे की वाल्मीकीच्या रामायणात नसलेली ही गोष्ट पुढच्या काळात रचली गेली, आणि लोकमुखात तिच्या नायकाच्या नावाला जात जोडली गेली. म्हणजे सुधारणेची कथा सांगतानादेखील आपण अपराध कुळाच्या खात्यावर मांडला. वह्या खोट्या लिहिण्याची सवय केवळ पोलीस ठाण्याची नाही.

राहता राहिला पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला काळ. वाढीव शिक्षेचे सारे समर्थन या मधल्या काळावर उभे आहे. ‘तुला एकदा समज दिली होती’ असे राज्य म्हणते तेव्हा ती समज खरोखर दिली होती का, हे तपासले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे अद्याप खटल्याचा निकाल न लागलेली आहेत. इतक्या दाटीत कोवळा आणि मुरलेला यांना वेगळे ठेवणे कठीण, आणि सुधारणा हा शब्द फलकावरच राहतो. याच मातीत वेगळेही घडले होते. औंध संस्थानात, आजच्या आटपाडी तालुक्यात, १९३९ मध्ये मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांनी बेड्यांवाचून शेती करावी, कुटुंबासह राहावे, हा तिचा पाया. त्याच परिसरातल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. त्या चित्रपटातले सहा कैदी खुनी आहेत, हे आपण त्यातल्या प्रार्थनेच्या ओघात विसरतो. ज्याच्यावर विश्वास टाकून पाहिला गेला, ज्याला काम आणि आधार दिला गेला, त्याने पुन्हा कुणाच्या देहावर हात टाकला, तर त्याला अधिक कठोर शिक्षा देताना आमचा आवाज कापणार नाही. पण ज्याला मध्ये फक्त दाटी मिळाली, त्याच्या ‘पुन्हा’मध्ये काही वाटा आपलाही आहे.

कठोर म्हणजे किती, याचेही उत्तर द्यायला हवे. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास फाशीच, असे ३०३ वे कलम दंड संहितेत होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते रद्द केले, कारण न्यायाधीशाला त्यात विचार करायला जागाच ठेवलेली नव्हती. हे तत्त्व आम्हाला मोलाचे वाटते. पुनरावृत्ती हे शिक्षा वाढवण्याचे सबळ कारण आहे. विचार थांबवण्याचे नाही. देहाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यात, खरोखर झालेल्या आधीच्या शिक्षेनंतर, तोच गुन्हा पुन्हा करणाऱ्याला समाजापासून दीर्घकाळ, प्रसंगी आयुष्यभर, दूर ठेवण्याचा अधिकार समाजाला आहे. कारण पुढच्या बाकावरच्या मुलींचे आयुष्य हे कुणाच्या सुधारणेचे साधन नव्हे. चोरीचपाटीला, पोटासाठी केलेल्या उचलेगिरीला हीच मोजपट्टी लावणे मात्र अन्याय आहे, मग ती तिसऱ्यांदा असो की तेराव्यांदा. आणि या दोन्ही वाक्यांची किंमत एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: पहिली तक्रार कुणाची घेतली जाते आणि पहिला संशय कुणाचा घेतला जातो.

त्या वर्गातली मुले आता पांगली. ती विद्यार्थिनी विधी महाविद्यालयात गेली. तो विद्यार्थी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे, आणि नोकरी लागलीच तर चारित्र्य पडताळणीसाठी त्याचे नाव एखाद्या ठाण्याच्या नोंदवहीत शोधले जाईल. उद्या कदाचित ती वकील म्हणून एखाद्या ‘पुन्हा’विषयी युक्तिवाद करील. तिच्या हातात त्या दिवशी जी वही येईल ती खरी असावी, आणि त्या वहीत त्याच्या वस्तीतल्या कुणाचे नाव केवळ वस्तीमुळे नसावे, एवढीच आमची इच्छा आहे.